सॅव्हॉय बॉलरूम: लेनॉक्स ॲव्हेन्यूवरची बत्तीस वर्षे

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यान, १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय बॉलरूमचे दार उघडले. १० जुलै १९५८ रोजी ते कायमचे बंद झाले. मधल्या बत्तीस वर्षांत तिथे मुख्यतः दोनच कामे चालली: मंचावर बँड वाजत होते आणि त्यांच्यासमोर लोक नाचत होते. या दोन्ही बाजूंनी एकमेकींना जे शिकवले, त्यातून स्विंग हे संगीत आणि लिंडी हॉप हे नृत्य पिकत गेले. २०२६ हे संस्थेचे शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने हा इतिहास.

जॅझचा इतिहास बहुधा वादकांच्या नावांनी सांगितला जातो. अमुक साली अमक्याने अमुक बँड काढला, तमक्याने तो सोडला, अशी ती वंशावळ असते. सॅव्हॉयचा इतिहास तसा लिहिता येत नाही. इथे बँड चांगला की वाईट हे मंचासमोरच्या लाकडी जमिनीवर ठरत असे आणि ठरवणारे बहुतांशी स्वयंपाकिणी, मोलकरणी, हमाल, लिफ्ट चालवणारे आणि शाळा सोडलेली पोरे होती. म्हणून या लेखात मंचाइतकीच जागा त्या जमिनीला दिली आहे.

स्थापनेपूर्वीचे हार्लेम

हार्लेमची घरे मुळात काळ्या लोकांसाठी बांधलेली नव्हती. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे लेनॉक्स ॲव्हेन्यूपर्यंत येणार म्हणून बिल्डरांनी गोऱ्या मध्यमवर्गासाठी इमारतींमागून इमारती उठवल्या. बांधकाम गरजेपेक्षा जास्त झाले आणि घरे ओस पडली. तेव्हा फिलिप पेटन या काळ्या दलालाने मालकांना पटवून तिथे काळी कुटुंबे भाडेकरू म्हणून आणायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडून उत्तरेकडे मोठे स्थलांतर सुरू झाले. कॅरिबियन बेटांवरूनही लोक येत होते. काही वर्षांत हार्लेम हे अमेरिकेतल्या काळ्या समाजाचे सर्वांत गजबजलेले गाव झाले.

भाडी चढी होती आणि पगार कमी. भाड्याची रक्कम जमवण्यासाठी लोक घरातच जलसा ठेवत. दारात चार पैसे द्यायचे, आत खायला-प्यायला आणि पियानोवर जेम्स पी. जॉन्सन, विली 'द लायन' स्मिथ किंवा फॅट्स वॉलर यांच्यासारखा वादक. सामान फिरवून रिकाम्या केलेल्या खोलीत पहाटेपर्यंत नाच चाले. म्हणजे नाचाची भूक होती, नाचणारे होते, वाजवणारेही होते. कमी होती ती ऐसपैस जागेची.

शहराच्या मध्यभागी, ब्रॉडवेवर, रोझलँड नावाची मोठी बॉलरूम होती. १९२४ पासून तिथे फ्लेचर हेंडरसनचा काळ्या वादकांचा बँड वाजवत होता आणि त्याच वर्षी शिकागोहून आलेला लुई आर्मस्ट्राँग त्यात ट्रम्पेट वाजवायला बसला. नाचायला मात्र तिथे फक्त गोऱ्यांना परवानगी होती. हार्लेमचे वादक हार्लेमच्या बाहेर जाऊन गोऱ्यांना नाचवत होते आणि हार्लेमचे लोक खोल्यांतून दाटीवाटीने नाचत होते.

संस्थापक आणि व्यवस्थापक

भांडवल मो गेल आणि त्याच्या वडिलांचे. हे ज्यू कुटुंब. बॉलरूमच्या धंद्यातला अनुभवी माणूस म्हणून जे फॅगन त्यांच्या सोबत आला. रोजचा कारभार पाहण्यासाठी त्यांनी निवडला चार्ल्स ब्यूकॅनन. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधून आलेला, हार्लेममध्ये घर-जमिनीच्या व्यवहारात मुरलेला हा काळा गृहस्थ सुरुवातीपासून शेवटच्या दिवसापर्यंत व्यवस्थापक राहिला.

पैसा गोऱ्यांचा आणि चेहरा काळ्यांचा, अशी ही रचना होती. तिच्यावर हार्लेममध्ये त्या काळीही टीका झाली. नफ्याचा मोठा वाटा वस्तीबाहेर जात होता, हे खरेच. मो गेलने पुढे बँडचे व्यवस्थापनही हाती घेतले. त्यामुळे बॉलरूम त्याची, तिथे वाजवणारा चिक वेबचा बँडही त्याच्याच हाताखाली, अशी स्थिती आली. दुसरी बाजू अशी की दारावरचे रखवालदार, यजमानीण म्हणून नेमलेल्या तरुणी, वाढपी, वादक हे सगळे काळे होते आणि त्यांचा वरिष्ठही काळा होता. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये इतक्या मोठ्या जागेत हे चित्र दुर्मीळ होते.

वास्तू

बॉलरूम दुसऱ्या मजल्यावर होती आणि लांबीला जवळजवळ पूर्ण चौक व्यापत होती. खालच्या प्रशस्त दालनात काचेचे झुंबर, तिथून वर जाणारा संगमरवरी जिना, वर गुलाबी भिंती, आरसे आणि रंगीत दिवे. जमीन सुमारे दहा हजार चौरस फुटांची. आत चार हजारांपर्यंत माणसे मावत. तिकीट वेळेनुसार तीस ते पंच्याऐंशी सेंट: दुपारी कमी, संध्याकाळी सहानंतर जास्त, आठनंतर सर्वांत जास्त.

दोन गोष्टी या वास्तूत विचारपूर्वक केल्या होत्या. पहिली म्हणजे जमीन. ती मेपल लाकडाची, थरांची आणि किंचित लवचीक होती. उडी मारून उतरणाऱ्या गुडघ्यांना तिचा आधार मिळे. इतकी पावले तिच्यावरून जात की दर तीन वर्षांनी ती बदलावी लागे. दुसरी गोष्ट म्हणजे शेजारी शेजारी असलेले दोन मंच. एका बँडची पाळी संपत आली की दुसरा बँड तयार बसलेला असे. पुष्कळदा तो पहिल्याचीच धून उचलून पुढे नेई. संगीतात खंड पडत नसे आणि नाचणाऱ्याला घरी जायचे निमित्त मिळत नसे.

उद्घाटनाच्या रात्री फेस विल्यम्सचा रॉयल फ्लश ऑर्केस्ट्रा आणि चार्लस्टन बेअरकॅट्स हे दोन बँड होते. पाहुणा म्हणून रोझलँडहून फ्लेचर हेंडरसनही आला. बेअरकॅट्सनी लवकरच बॉलरूमचेच नाव घेतले आणि ते 'सॅव्हॉय बेअरकॅट्स' झाले. त्यांचा प्रमुख व्हायोलिनवादक लिऑन ॲबी. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे मुंबईत भेटणार आहे.

आठवड्याचा क्रम

सॅव्हॉय आठवडाभर चाले आणि प्रत्येक रात्रीचा बाज वेगळा असे. सोमवार स्त्रियांचा. मंगळवारी 'चारशे क्लब', म्हणजे खऱ्या नाचणाऱ्यांची रात्र. गर्दी कमी, जमीन मोकळी, नवे पाऊल बसवून बघायची संधी. शनिवारी बाहेरगावचे, हौशे-नवशे येत. इतकी दाटी होई की नियमित नाचणारे त्या रात्री फिरकत नसत. रविवारी बक्षिसांच्या स्पर्धा आणि नामवंतांची हजेरी.

सर्वांत महत्त्वाची रात्र गुरुवारची. ती 'किचन मेकॅनिक्स नाइट' म्हणून ओळखली जाई. गोऱ्यांच्या घरी राहून स्वयंपाकपाणी, धुणीभांडी करणाऱ्या बायकांना बहुधा गुरुवारी सुट्टी मिळे. सहा दिवस एप्रन बांधून राबणारी बाई सातव्या दिवशी आपल्या पसंतीचा पोशाख करून संगमरवरी जिना चढे. वर यजमान नव्हते आणि मालकीणही नव्हती. तिथे तिची किंमत तिच्या ठेक्याच्या जाणिवेवरून ठरे.

शिस्त कडक होती. पुरुषांना कोट-टाय आवश्यक. दारावरचे रखवालदार टक्सीडो घालून उभे असत आणि दांडगाई करणाऱ्याला क्षणात बाहेर काढत. आत आलेल्या माणसाच्या रंगाचा मात्र प्रश्न नव्हता. येणारे बहुसंख्य काळे असत, पण गोरेही नियमित येत आणि एकाच जमिनीवर नाचत. सिनेनट आला तरी फारशी खळबळ होत नसे. क्लार्क गेबल आला आहे असे कोणी सांगितले तेव्हा समोरच्याने तो नाचू शकतो का एवढेच विचारले, अशी आठवण फ्रँकी मॅनिंग हा इथला थोर नर्तक सांगत असे.

शेजारचे क्लब

सॅव्हॉयचे वेगळेपण कळण्यासाठी शेजारी काय चालले होते ते पाहावे लागते. एकाच चौकापलीकडे, लेनॉक्स ॲव्हेन्यू आणि १४२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉटन क्लब होता. मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनने तिथे आधी आपला क्लब काढला होता. १९२३ मध्ये ओनी मॅडन या गुंडाने तो ताब्यात घेतला. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि मॅडनला आपली चोरटी दारू खपवायला झगमगीत दुकान हवे होते. मंचावरचे कलावंत काळे आणि टेबलांवरचे गिऱ्हाईक गोरे, असा तिथला नियम होता. सजावट दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांची आणि आफ्रिकेच्या जंगलाची. समूहनृत्यात निवड उजळ वर्णाच्या मुलींची.

तरीही त्या मंचाने संगीताला खूप दिले. ४ डिसेंबर १९२७ रोजी ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे रुजू झाला. सतत नवनवे कार्यक्रम बसवायचे असल्याने त्याला वाद्यांच्या रंगांचे प्रयोग करायला अवकाश मिळाला आणि रेडिओवरून त्याचे नाव देशभर गेले. त्याच्यानंतर कॅब कॅलोवे आला. सातव्या ॲव्हेन्यूवरच्या कॉनीज इनमध्येही असाच थाट होता. एड स्मॉल्स या काळ्या मालकाचा स्मॉल्स पॅराडाइज मात्र दोन्ही वर्णांच्या लोकांना खुला होता.

या क्लबांत लोक टेबलाशी बसून काळ्यांची कला पाहत. सॅव्हॉयत बसायला जागा कमी आणि नाचायला जास्त होती. क्लबचे उत्पन्न दारूच्या बाटलीवर अवलंबून होते, सॅव्हॉयचे प्रामुख्याने दारातल्या तिकिटावर. १९२९ नंतरच्या महामंदीत आणि मार्च १९३५ मधल्या हार्लेमच्या दंगलीनंतर डाउनटाउनचे गोरे गिऱ्हाईक हार्लेमकडे यायचे कमी झाले. १९३६ मध्ये कॉटन क्लब ब्रॉडवेवर हलला आणि १९४० मध्ये बंद झाला. सॅव्हॉय जागेवर राहिली, कारण तिचे गिऱ्हाईक शेजारच्याच गल्लीत राहत होते.

बँड कसा बदलला

१९२०च्या दशकातला नाचाचा बँड आणि १९३५चा बँड यांत मोठे अंतर आहे. आधीच्या बँडात ट्यूबा आणि बँजो असत. जोर दोन मात्रांवर पडे आणि चाल उड्या मारत जाई. नंतर ट्यूबाच्या जागी मोठा डबल बास आणि बँजोच्या जागी गिटार आली. चारही मात्रा सारख्या वाहू लागल्या. वादकांची संख्या तेरा-चौदापर्यंत गेली आणि त्यांचे गट पडले: ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकीकडे, सॅक्सोफोन दुसरीकडे, पियानो, गिटार, बास आणि ड्रम पाठीशी.

इतके लोक एकदम मनाला येईल ते वाजवू लागले तर नुसता गोंधळ होईल. म्हणून संगीत लिहून काढणारा संयोजक महत्त्वाचा ठरला. हेंडरसनच्या बँडात डॉन रेडमनने ही पद्धत बसवली. पितळी वाद्यांनी एक लहानसे वाक्य टाकायचे, सॅक्सोफोननी त्याला उत्तर द्यायचे, आणि या सवाल-जवाबावर एकट्या वादकाने आपली कल्पना मांडायची. छोटे वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत नेले की नाचणाऱ्यांच्या अंगात ते भिनते. हे तंत्र कागदावर लिहिले गेले, पण कोणते वाक्य किती वेळा घोळवायचे हे समोरची गर्दी शिकवत असे. पावले मंदावली की बँडप्रमुखाला लगेच कळे.

जॅझच्या इतिहासात स्विंग युगाचा आरंभ म्हणून २१ ऑगस्ट १९३५ ही तारीख दिली जाते. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर गोरे तरुण वेडे झाले. गुडमनने त्या काळात वापरलेल्या कित्येक रचना हेंडरसनकडून विकत घेतलेल्या होत्या. 'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय' ही गुडमनमुळे घरोघरी गेलेली धून तर चिक वेबच्या बँडातल्या एडगर सॅम्पसनची. वेबने ती १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केली होती. अमेरिकेला १९३५ मध्ये जे नवे वाटले, त्याचा गुरुवारच्या बायकांना बराच सराव झाला होता.

चिक वेब आणि एला

सॅव्हॉयचा घरचा बँड म्हणजे चिक वेबचा. बाल्टिमोरच्या या मुलाला लहानपणी पाठीच्या कण्याचा क्षय झाला. उंची खुंटली, पाठीला कुबड आले, वेदना कायमच्या सोबतीला राहिल्या. तो ड्रम वाजवायला उंच चौथऱ्यावर बसे आणि त्याचा संच त्याच्या बेताने खास बनवलेला होता. नोटेशन वाचता येत नसे, पण संपूर्ण रचना त्याला तोंडपाठ असे आणि कोणी एक सूर चुकवला तरी त्याच्या लक्षात येई. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत सॅव्हॉयचा मंच त्याचा होता.

१९३५ मध्ये या बँडात एक मुलगी आली. एला फिट्झजेराल्ड नाचायचे स्वप्न पाहत मोठी झाली होती. नोव्हेंबर १९३४ मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या रात्री ती नाचायलाच गेली होती. आधीच्या बहिणींच्या जोडीचा नाच पाहून तिचा धीर सुटला आणि तिने गाणे म्हटले. बक्षीस मिळाले. तिचे कपडे, तिची गरिबी पाहून वेब आधी तयार नव्हता. सॅव्हॉयच्या गर्दीने तिला स्वीकारले आणि प्रश्न मिटला. तिच्या गाण्यात पुढे आयुष्यभर जी ठेक्याची अचूकता राहिली, ती नाचणाऱ्यांसमोर रात्रीमागून रात्री गाऊन आलेली. १९३८ मध्ये एका बडबडगीतावर बेतलेल्या 'अ-टिस्केट, अ-टास्केट'ने तिला आणि बँडला देशभर नेले. १६ जून १९३९ रोजी वेब बाल्टिमोरला वारला. त्यानंतर काही वर्षे बँड एलाच्या नावाने चालला.

सामने

दोन मंच असल्यावर सामने होणारच. आपल्याकडे कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र एकमेकांना पेचात टाकत, त्याच जातीची ही चढाओढ. फरक इतकाच की इथे निकाल पायांनी लागे.

मार्च १९३७ मध्ये एलिंग्टनचा बँड वेबसमोर आला आणि घरच्या मंचावर वेबला मान तुकवावी लागली. दोनच महिन्यांनी, ११ मे १९३७ रोजी, बेनी गुडमन आला. त्याचा बँड तेव्हा देशात सर्वांत गाजलेला होता आणि त्याचा ड्रमवादक जीन क्रुपा तरुणांचा देव. आत चार हजार लोक होते, बाहेरून हजारो परत गेले, रस्त्यावर पोलीस लावावे लागले. वेबने आपल्या वादकांना आधीपासून तयार केले होते. गुडमनची गाजलेली धून गुडमनने वाजवायची आणि लगेच वेबच्या बँडने तीच अधिक वेगाने, अधिक वजनाने वाजवायची, असे त्या रात्री घडले. शेवटी क्रुपाने वेबपुढे वाकून अभिवादन केले. बाहेरच्या जगात 'स्विंगचा राजा' म्हणवणारा बँड सॅव्हॉयत हरला.

१६ जानेवारी १९३८ ची रात्र दुहेरी ऐतिहासिक. संध्याकाळी गुडमनने कार्नेगी हॉलमध्ये जॅझची मैफल केली. खुर्च्यांत बसून ऐकण्याच्या संगीताच्या पंक्तीला जॅझ जाऊन बसले. काउंट बेसी आणि त्याचे काही वादक तिथे पाहुणे म्हणून वाजवून हार्लेमला आले आणि रात्री सॅव्हॉयत बेसी विरुद्ध वेब असा सामना झाला. बेसीकडे गायिका बिली हॉलिडे, वेबकडे एला. निकालावर एकमत झाले नाही. मेट्रोनोम मासिकाने वेबला कौल दिला, डाउन बीटने बेसीला.

१९३७ पासून सॅव्हॉय सुल्तान्स हा लहानसा बँड दुसऱ्या मंचावर कायमचा बसला. संख्येने कमी, पण लोकांना नाचवण्यात इतका तरबेज की बाहेरून आलेल्या बड्या बँडना त्यांच्यानंतर वाजवायची धास्ती वाटे. अर्स्किन हॉकिन्स, टेडी हिल, लकी मिलिंडर यांचे बँडही इथे वर्षानुवर्षे वाजले.

लिंडी हॉप

जमिनीच्या ईशान्य कोपऱ्याला 'कॅट्स कॉर्नर' म्हणत. तिथे कोणीही जाऊन नाचू शकत नव्हते. तो कोपरा पहिल्या फळीचा. तिथला पहिला राजा जॉर्ज स्नोडन, बुटका म्हणून 'शॉर्टी'. जोडीने धरून नाचता नाचता हात सोडून क्षणभर आपले स्वतंत्र पाऊल टाकायचे आणि पुन्हा मिठीत यायचे, ही त्या पिढीची युक्ती. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग ऊर्फ 'लिंडी'ने विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्यानंतर १९२८ मधल्या एका दीर्घ नृत्यस्पर्धेत स्नोडनला कोणी तरी काय करतोस म्हणून विचारले आणि त्याने 'लिंडी हॉप' असे उत्तर दिले, अशी कथा सांगितली जाते.

दुसऱ्या पिढीचा कारभारी हर्बर्ट व्हाइट, सगळे त्याला 'व्हाइटी' म्हणत. सॅव्हॉयतच रखवालदार असलेल्या या माणसाने गल्लीतल्या चपळ पोरापोरींना हेरून संघ बांधला. त्यांना तालमीसाठी दिवसा मोकळी जमीन मिळे. नॉर्मा मिलर लहान असताना सॅव्हॉयच्या मागच्या घरात राहत होती आणि खिडकीतून नाचणाऱ्यांच्या सावल्या बघत पावले शिकली. ती बाराव्या वर्षीच तिथे नाचली.

१९३५ मध्ये एका स्पर्धेत व्हाइटीचा फ्रँकी मॅनिंग स्नोडनच्या पिढीविरुद्ध उतरला. स्नोडनची धिप्पाड जोडीदारीण 'बिग बी' नाच संपताना त्यालाच पाठीवर घेऊन जमिनीवरून निघून जाई आणि लोक हसून लोळत. मॅनिंगने ते उलटे केले. गादीवर तालीम करून त्याने फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटी फिरवून समोर उतरवले, आणि ती नेमकी मात्रेवर उतरली. मंचावर वेबचाच बँड होता. नृत्यात हवेतले पाऊल आले ते असे. एरवी ती कसरत ठरली असती; मात्रेवर पडल्यामुळे ते संगीत झाले.

व्हाइटीज लिंडी हॉपर्स पुढे युरोप आणि ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. 'अ डे ॲट द रेसेस' (१९३७) आणि 'हेल्झापॉपिन' (१९४१) या चित्रपटांत त्यांचे नाच आहेत. दुसऱ्या चित्रपटातला तुकडा आजही जगभरचे नर्तक सावकाश करून पाहतात. ऑगस्ट १९४३ मध्ये लाइफ साप्ताहिकाने लिंडी हॉपला राष्ट्रीय लोकनृत्याचा मान दिला. मुखपृष्ठावर मात्र एक गोरी जोडी होती. हार्लेमची जोडी आतल्या पानांत.

मुंबईची शाखा

उद्घाटनाच्या रात्री वाजवलेला लिऑन ॲबी दक्षिण अमेरिका आणि युरोप फिरत १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी ताजचा मंच सांभाळला. गोव्यातल्या पाठशाळांत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेल्या फ्रँक फर्नांडसारख्या तरुणांना या वादकांच्या शेजारी बसून स्विंग शिकायला मिळाले. हळदोण्याचा अँतोनियो शाविएर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला.

ताजमध्ये नाचणारे साहेब, राजेरजवाडे आणि धनिक होते. तिथे गुरुवारच्या मोलकरणीला प्रवेश नव्हता. हे संगीत आपल्याकडच्या साध्या माणसापर्यंत पोचले ते सिनेमातून. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांनी चिक चॉकलेटला हाताशी घेतले आणि 'शोला जो भडके'च्या चित्रीकरणात त्याचा बँडही दिसतो. समोर नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचा मुलगा. पिटातल्या प्रेक्षकाने उठून नाचायला सुरुवात केली, तेव्हा स्विंगला इथेही त्याचा खरा परीक्षक भेटला.

बंदी

एप्रिल १९४३ मध्ये पोलिसांनी सॅव्हॉयचा परवाना रद्द करवला. सैनिकांना इथे भेटलेल्या बायकांपासून गुप्तरोग होतात, असा आरोप होता. हार्लेमच्या वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी तो फेटाळला. डाउनटाउनच्या हॉटेलांना असा न्याय लावला जात नाही. खरी पोटदुखी काळे-गोरे एकत्र नाचतात ही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्यूकॅनन स्वतः हार्लेमचे नेते ॲडम क्लेटन पॉवेल यांच्यासोबत 'पीपल्स व्हॉइस' या साप्ताहिकाच्या उभारणीत होता, त्यामुळे संस्थेची बाजू मांडायला व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला हार्लेममध्ये मोठी दंगल उसळली. बॉलरूमवरची बंदी हे तिचे कारण नव्हे; पण वस्तीच्या मनात साचलेल्या अपमानांत तिचीही भर होती. ऑक्टोबरमध्ये सॅव्हॉय पुन्हा उघडली.

उतरती कळा आणि शेवट

१९४२ च्या सुरुवातीला कॅन्सस सिटीहून आलेल्या जे मॅक्शॅनच्या बँडात चार्ली पार्कर नावाचा सॅक्सोफोनवादक होता. सॅव्हॉयच्या मंचावर तो वाजवत होता ते स्विंगच्या पुढचे होते. टेडी हिल तोवर मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा व्यवस्थापक झाला होता आणि तिथे रात्री उशिरा बीबॉप शिजत होते. या नव्या संगीतात वेग आणि वळणे इतकी की ते लोक बसून ऐकू लागले. युद्धात वादक आणि नर्तक दोघेही सैन्यात गेले. १९४४ च्या केंद्रीय करामुळे नाच आणि गाणे असलेल्या क्लबांवर बोजा आला आणि नुसते वाद्यसंगीत ऐकवणारे छोटे क्लब परवडू लागले. पंधरा वादकांचा पगार पुरवणे कठीण झाले. संगीत आणि नाच यांची फारकत झाली, आणि ज्या संस्थेचे काम या दोघांना एकत्र ठेवण्याचे होते तिचा पाया सरकला.

तरी सॅव्हॉय आणखी तेरा-चौदा वर्षे चालली, हे तिच्या गिऱ्हाईकांचे बळ. शेवट संगीताने नव्हे, शहरनियोजनाने केला. डेलानो व्हिलेज या गृहसंकुलासाठी चौक पाडायचे ठरले. ब्यूकॅननसह अनेकांनी वास्तू वाचवण्याचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. १९५८ मध्ये सामानाचा लिलाव झाला आणि १९५९ मध्ये इमारत पाडली गेली.

वारसा

मॅनिंग १९५५ पासून टपाल खात्यात नोकरी करत होता. १९८०च्या दशकात स्वीडन, इंग्लंड आणि कॅलिफोर्नियातले तरुण जुने चित्रपट पाहून त्याला शोधत आले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याचा दुसरा जन्म झाला. १९८९ मध्ये 'ब्लॅक अँड ब्लू' या संगीत नाटकाच्या नृत्यरचनेसाठी त्याला टोनी पुरस्काराचा मान मिळाला. स्वीडनमधल्या हेरँग गावी दर उन्हाळ्यात जगभरचे लिंडी नर्तक जमतात. २६ मे २००२ रोजी, मॅनिंगच्या वाढदिवशी, त्याच्या आणि नॉर्मा मिलरच्या हस्ते लेनॉक्स ॲव्हेन्यूवर सॅव्हॉयची स्मृतिपाटी लागली. पुढे त्या गृहसंकुलालाही सॅव्हॉय पार्क असे नाव देण्यात आले. मॅनिंग २००९ मध्ये गेला आणि नॉर्मा २०१९ मध्ये गेली.

स्मरणिकेत शेवटी मानकऱ्यांची यादी देण्याची रीत आहे. सॅव्हॉयची अर्धीच यादी करता येते. मालक, व्यवस्थापक, बँडप्रमुख, गायिका आणि व्हाइटीचे नर्तक यांची नावे नोंदलेली आहेत. उरलेली अर्धी यादी त्या बायकांची आणि पुरुषांची आहे, ज्यांनी आठवड्याच्या तुटपुंज्या कमाईतले काही सेंट दारात मोजले, नावडती धून लागली की कडेला उभे राहिले आणि आवडती लागली की बँडला पहाटेपर्यंत घरी जाऊ दिले नाही. स्विंगच्या रचनांवर त्यांची सही नाही. पण त्या रचना जिथे थांबतात, जिथे पुन्हा उसळी घेतात आणि जिथे एकच वाक्य आठ वेळा घोळवतात, तो सगळा निर्णय त्यांचा होता.